दोहा, बोट, ट्रिप

घरी कुठलंही पत्रक आलं की वडील आधी त्याची शेवटची ओळ वाचायचे. वर काय लिहिलंय ते नंतर. नाशिकला एका कारखान्यात ते युनियनचं काम करत, त्यामुळे आमच्या पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव तळाशी असलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. नाव नसलं की म्हणायचे, "बोलतोय कोण हे सांगायलाच घाबरतोय हा. बंबात घाल." त्या कागदांवर मी अक्षरं ओळखायला शिकले. पुढे दोह्यात, अल नस्रमधल्या एका छोट्या ऑफिसात, इंटरनेटवरच्या जाहिरातींच्या ओळी लिहायला लागले. लांबी साधारण पत्रकातल्या एका ओळीएवढी, तळाशी नाव मात्र नसायचं. तिथे फक्त वेबसाइटचा पत्ता असायचा.

वर्ल्ड कप यायचा होता आणि शहर अर्धं उभं, अर्धं झोपेत पाहिल्यासारखं होतं. धुळीच्या दिवशी क्रेनचे खांब दिसेनासे होत आणि त्यांचे आडवे हात तेवढे हवेत तरंगत राहत. आमचे सर मूळ पुण्याचे. त्या दिवसांत त्यांनी वेबसाइटची नावं घेऊन ठेवायचा सपाटा लावला होता. दोहा हॉटेल, दोहा टॅक्सी, दोहा रूम: लोक जे शब्द शोधतील तेच जोडून केलेली नावं. मला ती वाळवंटात आखून ठेवलेल्या प्लॉटांसारखी वाटत. खुंट्या ठोकलेल्या, दोऱ्या ताणलेल्या, आणि आत नुसता वारा.

"माणूस सर्चमध्ये शब्द टाकतो," सर समजावत. "जाहिरातीखाली आपला पत्ता येतो. त्यात त्याचेच शब्द असले की ते ठळक दिसतात. लोक जाहिरात वाचत नाहीत गं, स्वतःचेच शब्द परत वाचतात. आणि क्लिक करतात."

"आणि क्लिक केल्यावर?"

"क्लिक केल्यावर क्लिक झालं, कॉम्रेड! यल्ला, कामाला लाग."

अल रुवैसचे चाचा आमच्याकडे आले ते याच सुमाराला. मूळ रायगडचे. देशाच्या उत्तर टोकाला, त्या लहानशा बंदरात, ते एका कतरी मालकाची जुनी लाकडी होडी चालवत. मासेमारी कमी झाली होती. मालकाने सांगितलं होतं, थंडी संपेपर्यंत फिरायला येणारी माणसं मिळाली तर होडी रुवैसला राहील, नाहीतर दोह्यातल्या एका रेस्टॉरंटवाल्याला विकायची. जाहिरातीचा खर्च तेवढा त्याने दिला होता. चाचांनी टेबलावर बर्फातली मासळी ठेवली आणि म्हणाले, "बाय, होडी रुवैसलाच र्‍हायली पायजे. बाकी मला काय कळत नाय."

सरांनी लगेच आपल्याकडचं नाव काढलं: दोहा बोट ट्रिप.

"पण होडी दोह्यात नाहीये," मी म्हटलं.

"रुवैस कोण शोधतं?"

मी भांडले. ऑफिसातली बाकीची माणसं खुर्च्या वळवून ऐकत बसली. शेवटी ठरलं की दोन जाहिराती चालवायच्या. मजकूर तोच, फोन तोच, पत्ते वेगळे. एक सरांचा, एक रुवैसच्या नावाचा. जिंकेल ते नाव ठेवायचं.

सर जिंकले. नुसते जिंकले नाहीत, माझा पार धुव्वा उडवला. त्यांच्या नावावर क्लिक पाण्यासारखे येत होते. माझ्या नावाकडे दिवसाला एखाद-दुसरा फिरकत होता.

"काय कॉम्रेड, पत्रकं संपली का वाटून?"

प्रत्येक क्लिकला मालकाच्या खर्चातून रक्कम कापली जात होती. पत्रक एकदा हातात पडलं की त्याचा खर्च तिथेच संपतो, माणसाने वाचलं नाही तरी. इथे चुकलेल्या माणसाचेही पैसे आपणच भरायचे. मग ही चुकलेली माणसं जातात तरी कुठे, हे बघायला शुक्रवारी मी रुवैसला गेले.

तिथे सगळंच हळू होतं. ओहोटीचा समुद्र इतका मागे गेलेला, की होड्या वाळूवर झोपल्यासारख्या कलल्या होत्या आणि क्षितिज कुठे लागतं ते कळत नव्हतं. त्या शांततेत चाचांचा फोन मात्र सारखा वाजत होता.

"दोहा के कॉर्निशपे नहीं, साब. रुवैस. हाँ, दूर है." फोन बंद. पुन्हा तेच.

दुपारनंतर एक कुटुंब खरंच येऊन पोचलं. मुलं नटूनथटून आलेली. बाप गाडीतून उतरला, जाळ्यांचा वास त्याच्या नाकात गेला आणि तो तडकला. "दोहा बोट ट्रिप लिखा था! लाइटिंग कहाँ है? म्युझिक?"

चाचा हळूच म्हणाले, "बच्चों को घुमा लाता हूँ. पैसा मत दीजिए."

बाप गाडीत एसी लावून बसून राहिला. बायको मुलांना घेऊन होडीत चढली, मीही चढले. भरतीने होडी उचलली तसा पोरांचा गोंगाट आपोआप विरला. पाणी इतकं उथळ आणि स्वच्छ, की आपण त्यावर नाही, त्याच्या वर कुठेतरी हवेत चाललोय असं वाटावं. होडीची सावली खाली वाळूवरून बरोबर येत होती. धाकटी मुलगी पालथी पडून तिला हात लावायचा प्रयत्न करत होती. परतल्यावर तिच्या आईने विचारलं, "फिर आना हो तो किस नाम से ढूँढें?"

"रुवैस," चाचा म्हणाले.

ते लोक गेल्यावर ते मला म्हणाले, "तुझ्या सायबाचा नाव काढून टाक बाय. त्या नावावर आलेला मानूस रागातच उतरतो. मना बंदरावर तोंड दाखवायचा हाय."

"माणसं कमी होतील, चाचा. दुसऱ्या नावाला कोणी शोधत नाही."

"होऊंदे."

नाव काढलं. सर म्हणाले, "तत्त्वाने होडी चालत नाही." मी म्हणाले, "खोट्या पत्त्यानेही चालत नाही." आम्ही दोघंही खरे ठरलो. ती आई पुन्हा आली, तिने आणखी दोन घरं आणली. एक एकटा म्हातारा यायचा आणि कधीच बोलायचा नाही. जे फोन करत ते येत, हे खरं. पण फोन फार थोडे करत. थंडी सरली आणि मालकाने, अगदी वाईट वाटून, होडी विकली.

ती समुद्रातूनच दोह्याला न्यायची होती. चाचांनी मला बोलावलं. पहाटे निघालो. दिवसभर किनारा उजव्या हाताला पिवळसर धुक्यासारखा सरकत राहिला. गॅसच्या कारखान्यांच्या ज्वाळा दिवसाउजेडी फिक्या दिसत होत्या. चाचा सुकाणू धरून होते, मी सावलीत कधी जागी, कधी नाही. संध्याकाळी शहराचे मनोरे पाण्यातून एकेक करून वर आले, पाय नसलेले. क्रेनचे हात त्यांच्याभोवती तरंगत होते.

चाचा एकदम हसले. "बघ बाय. दोहा हाय, बोट हाय, ट्रिप पन झाली. सायबाचा नाव आज खरा झाला."

मग ते गावी गेले. होडीला रंग लागला, दिवे लागले, आत टेबलं मांडली. दोरखंडाने ती धक्क्याला कायमची बांधली. नव्या मालकाने सरांकडून ते नाव घेतलं. जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सरांना म्हटलं, यात दोहा आहे, बोट आहे, ट्रिप नाही. हे मी लिहिणार नाही.

"मग काय लिहिशील?"

मी लिहिलं: रुवैसची जुनी होडी. आता हलत नाही. बसून जेवायला या.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग पुसलं आणि स्वतः लिहायला बसले.