ओठ बघू

कुणी थाप मारतंय अशी शंका आली की वसुधाकाकू त्याची हनुवटी धरायच्या आणि म्हणायच्या, "ओठ बघू." इथे परदेशात, मरीन परेडला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये त्या आपल्या मुलाकडे, निखिलकडे राहायच्या. माझी लेक सई इथल्या मुलांसारखं "होमवर्क डन लाह!" म्हणाली की तिचाही ओठ तपासला जायचा.

काकूंचं बालपण बोट्स्वानात गेलं. वडील तिथे शाळामास्तर. घरी कामाला येणाऱ्या बाईंनी काकूंना सशाच्या गोष्टी सांगितल्या. तिकडचा ससा महाबिलंदर, सिंहालाही टोपी घालणारा. "सिंहाकडे दात, सशाकडे थाप," काकू म्हणायच्या. पण एकदा त्याला ते भोवलं. चंद्रानं त्याच्याबरोबर माणसांना निरोप धाडला: मी मरतो आणि पुन्हा उगवतो, तसेच तुम्हीही याल. पठ्ठ्यानं उलटंच सांगितलं, मराल ते कायमचे! चंद्रानं चिडून लाकूड फेकून मारलं, तेव्हापासून सशाचा ओठ फाटका. "आणि आपण बसलोय मरत," म्हणून काकू हसायच्या. मला मेलं ते हसू कधी आवडलं नाही.

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी निखिलला बाजूला घेऊन सांगितलं, कॅन्सर आहे, फार दिवस नाहीत. त्यानं डॉक्टरांनाच गळ घातली, आईला सांगू नका. आपल्या लोकांची जुनी खोड! कॉटपाशी येऊन म्हणाला, "आई, साधा अल्सर आहे. होशील बरी."

मी तिथेच होते. काकूंनी त्याला खाली वाकवलं, हनुवटी धरली आणि कितीतरी वेळ ओठ पाहिला.

"धड आहे रे," त्या म्हणाल्या. "सुटले बाई!"

ऑफिसचा फोन आला म्हणून तो बाहेर गेला. तेव्हा मला म्हणाल्या, "कळलंय गं मला सगळं. त्याला सांगू नकोस."

"अहो काकू, एकदा रडा तरी दोघं मिळून!"

"नको. मी फसले, एवढ्यावरच उभा आहे तो."

पुढे दोघं एकमेकांना फसवत राहिली. तो दिवाळीसाठी पुण्याची तिकिटं बघायचा, त्या कुठली साडी नेसायची ते ठरवायच्या. मला ते बघवत नसे. दिवाळीआधीच काकू गेल्या. शेवटीही मायलेकं खरं बोलली नाहीत, याचा मला अजून राग येतो.

अंत्यसंस्कार उरकून परतलो, तर लिफ्टपाशी निखिलनं माझा हात धरला.

"ताई, खरं सांगा. आईला कळलं नव्हतं ना?"

"नाही रे. शेवटपर्यंत नाही."

लिफ्ट आली. आतल्या आरशात बघायचा मला धीर झाला नाही.