आईचं वय आणि मोळीचं वाढं

माझ्या धाकट्या भावाचं बारसं बाराव्या दिवशी झालं नाही. चार बहिणींवर झालेला मुलगा, तरी आजीने माळ्यावरचा पाळणा काढू दिला नाही. "ग्रहणात कोयता चालवला हिनं. पोराला बाधलं," असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. चाळिशी ओलांडलेली माझी आई पोटुशी असताना ग्रहणाच्या दिवशी ऊस तोडत होती, हे खरं. मुकादम ग्रहणाची सुट्टी देत नाही.

मी तेव्हा बीडला कॉलेजात होते आणि अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत होते. डॉक्टरांनी बाळाचं रक्त पुण्याला पाठवलं. एक गुणसूत्र जास्तीचं निघालं. मी त्यांना खोदून खोदून विचारलं, पत्रक लिहिलं आणि गावात पारावर मोठ्याने वाचलं: "ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही! स्त्रीची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. त्यातल्या गुणसूत्रांना एकत्र धरणारे बंध वर्षानुवर्षांनी सैल पडतात. मग बीज पिकताना वाटणी चुकते. कारण आईचं वाढलेलं वय!"

"घ्या," आजी म्हणाली. "शिकलेली लेकच सांगती, खोट हिच्यातच हाय. आता कशाचं बारसं?"

पारावरची माणसं हसली. मी पत्रकाची घडी करून घरची वाट धरली.

घरी आई भाकरी थापत होती. पारावरचं तिच्या कानावर आलं होतं. "बंध सैल पडत्यात म्हंजे कसं गं?" मी पुन्हा सांगितलं. या वयातल्या सगळ्याच बायांचं असं होत नाही, हेही सांगितलं.

"म्हंजे मोळीवाणी," ती म्हणाली. "उसाच्या शेंड्याच्या हिरव्या वाढ्यानं किती बी आवळून बांध. कारखान्याची गाडी चार दिस आली न्हाई की वाढं सुकतं, मोळी सुटती. मुकादम बोलतो कुणाला? बांधणारणीला. गाडीला उशीर कावून झाला, ते कुणी इचारत न्हाई." तिने भाकरी तव्यावर टाकली. "ह्या वयात मला बाळंतपण कावून आलं, ते लिव्हलंस का त्यात?"

लिहिलं नव्हतं. चौथ्या मुलीनंतर तिचे दोन गर्भ पडले, तरी घराचा मुलाचा हट्ट सुटला नाही, हे मला ठाऊक होतं. गावाला झोडपणारी मी, आमच्या उंबऱ्याशी येऊन शेपूट घातली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बिनकागदाची उभी राहिले. समोर वडील बसले होते. "आईचं वय तिनं वाढवलं नाही," मी म्हणाले. "त्या वयात तिला पुन्हा बाळंतपणाला लावलं आमच्या घरानं. मुलगा पाहिजे म्हणून. आणि मी गप्प बसले."

"बापाची इज्जत काढती बे ही," कुणीतरी शेजारच्याला म्हणालं. वडील उठून चालते झाले.

दोन दिवस ते फक्त झोपायला घरी आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पाळणा खाली उतरवला. आजी कडाडली.

"पोरगा मला पायजे व्हता, आये," ते म्हणाले. "मला आन तुला. तिला कुणी इचारलंच न्हाई."

बारशाला आत्या आलीच नाही. आजी ओसरीवर पाठ करून बसली. बाळाच्या कानात नाव आईनेच सांगितलं.