अकरा सह्यांची तक्रार

तक्रारीत तीन वाक्यं होती. गाइडने दुसऱ्या दिवशी निघायला उशीर केला. गाइडला वाटेची माहिती नव्हती, त्यामुळे ट्रेक अर्धवट सोडावा लागला. गाइडने एका ज्येष्ठ सदस्याला धक्काबुक्की केली. पहिली दोन वाक्यं खोटी होती. तिसऱ्यात एक खरी घटना होती आणि तिला चुकीचा शब्द लावला होता. बातम्यांच्या टेबलावर वीस वर्षं काढल्यावर मला तिसऱ्या प्रकारच्या वाक्याची जास्त भीती वाटते.

हे जूनमधलं आहे. चंदीगडमधल्या आमच्या मराठी मंडळाने हिमाचलातल्या एका राष्ट्रीय उद्यानात पाच दिवसांचा ट्रेक ठरवला होता. रोज चालायचं, संध्याकाळी वनखात्याच्या झोपडीवजा विश्रामगृहात मुक्काम करायचा, सकाळी पुढच्या झोपडीकडे निघायचं. झोपड्या मोजक्या आहेत आणि प्रत्येकीचं आरक्षण तारखेनुसार असतं. एक दिवस चुकला की पुढची झोपडी दुसऱ्यांची. सेक्टर सतरामधल्या एका कंपनीने परवाने, स्वयंपाकी आणि गाइड दिला होता. आम्ही मोठे बारा जण होतो. बरोबर एका डॉक्टरबाईंची सोळा वर्षांची मुलगी होती.

गाइड उद्यानाच्या फाटकाखालच्या गावचा. चाळिशीचा, बोलणं कमी. पहिल्या मुक्कामी जेवणं झाल्यावर त्याने सगळ्यांना एकत्र बसवून उद्याचं सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, सवयीने.

"सुबह छह बजे निकलना है जी. आगे नाला है, नौ से पहले पार करना है. उसके बाद पानी चढ़ता है."

नाला म्हणजे तिकडे डोंगरातला ओढा. पूल नाही. दगडांवर पाय ठेवत आणि दोर धरून जायचं.

मंडळाचे अध्यक्ष मूळचे कोल्हापूरकडचे. एका सरकारी कंपनीत वरिष्ठ अधिकारी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. तरुणपणी सह्याद्रीतले बहुतेक किल्ले त्यांनी पायी केलेले आहेत आणि ते खरं आहे. त्यांनी मान डोलावली आणि आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ह्याला एकदा जुलैत आमच्याकडं न्यायला पाहिजे. गुडघाभर पाण्यातनं ओढे तुडवलेत आम्ही. ह्यो सांगतोय ओढ्याचं."

सगळे हसले. गाइडला मराठी येत नव्हतं. तोही पाहुण्यांबरोबर हसला.

सकाळी साडेपाचला स्वयंपाक्याचे पराठे तयार होते. अध्यक्षांनी मात्र चंदीगडहून पोहे, शेंगदाणे आणि कढीपत्ता बांधून आणला होता. डोंगरात पोहे झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हा त्यांच्या ग्रुपचा जुना नियम. कांदे चिरण्यापासून सुरुवात झाली. गाइड दोनदा दाराशी येऊन उभा राहिला. "सर जी, टाइम हो गया." दुसऱ्यांदा अध्यक्षांनी त्याच्या हातात पोह्यांची बशी दिली. "खाओ यार, पहले खाओ. पहाड़ कहीं भाग नहीं रहा." त्यानंतर मंडळाचा फलक उलगडून फोटो झाले, आधी सगळ्यांचा, मग फक्त बायकांचा, मग किल्ले केलेल्यांचा. ग्रुपवर आलेल्या शेवटच्या फोटोवर दहा वाजून चार मिनिटांची वेळ आहे.

नाल्यावर पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. ऊन लख्ख होतं. ज्या दगडांवरून जायचं ते दिसत नव्हते. पाणी राखेच्या रंगाचं झालं होतं आणि तळातून धोंडे सरकल्याचा आवाज येत होता. गाइडने हातातली काठी आत टाकली. ती एकदा उभी राहिली आणि नाहीशी झाली.

"अब नहीं जाणा जी. वापस झोपड़ी. कल सात बजे आएँगे, पानी उतर जाएगा."

"कल तो आगे की बुकिंग गई ना?" अध्यक्ष म्हणाले.

"गई जी."

अध्यक्षांनी वर पाहिलं. आभाळात एकही ढग नव्हता. "पाऊस नाही, पाणी नाही. चढंल कुठनं? उलट उतरतच असंल."

डॉक्टरबाई नागपूरच्या. त्या म्हणाल्या, "मग अर्धा तास इथंच बसून राहू ना. होऊन जाईल कमी."

ही चूक आमच्यासारख्या महाराष्ट्रातून आलेल्यांचीच, दुसऱ्या कोणाची होणार नाही. आमच्याकडे ओढा पावसाने भरतो आणि पाऊस थांबला की तासाभरात उतरतो. पन्नास वर्षांत ज्याने हेच पाहिलं तो निळं आभाळ बघून पाण्यात पाय घालतो. इथे वर बर्फ असतं. ऊन जितकं कडक तितकं ते वितळतं आणि ते पाणी दुपारी खाली पोचतं. गाइडने हे हिंदीत, साध्या शब्दांत, दोनदा सांगितलं. कोणाला कळलं नाही असं झालेलं नाही. ज्याने सांगितलं तो बारावीही न झालेला आहे, हे आदल्या संध्याकाळी गप्पांत सगळ्यांना कळलं होतं. माझ्या मते पटलं नाही ते त्यामुळे.

अध्यक्ष बुटांसकट उतरले. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत, दुसरं मांडीपर्यंत. ते एका बाजूला कलले. गाइडने मागून त्यांच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि मागे ओढलं. अध्यक्ष काठावरच्या ओल्या वाळूत बसले. टोपी पाण्यात पडली. आम्ही सगळ्यांनी ती जाताना पाहिली. पाहायला फार वेळ मिळाला नाही.

डॉक्टरबाईंची मुलगी हसली. भीतीनंतर येतं तसं हसू होतं ते, पण मोठ्याने आलं. आणखी दोघं हसले. मीही हसले असेन.

तक्रार त्या हसण्यातून निघाली, हे मी आज खात्रीने लिहू शकते. आम्ही झोपडीवर परतलो, पुढच्या झोपड्या हुकल्या आणि तिसऱ्या दिवशी आलो त्याच वाटेने खाली उतरलो. चंदीगडला सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडबाहेर टेम्पो थांबला तेव्हा, कंपनीत हिशेब द्यायला आमच्याबरोबर आलेल्या गाइडने प्रत्येकाची सॅक उतरवून दिली. अध्यक्षांनी स्वतःची स्वतः उतरवली.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांच्या क्वार्टरमध्ये बैठक झाली. आमच्या मंडळात प्रत्येक गोष्टीचा ठराव होतो. सूचक, अनुमोदक, मग "सर्वानुमते संमत". सचिव विद्यापीठात शिकवतात, त्यांचं अक्षर सुंदर आहे. त्यांनी मसुदा वाचून दाखवला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही पेपरवाल्या. जरा भाषेवरून हात फिरवा."

मी म्हटलं, "भाषेचं सोडा. मजकूर चुकीचा आहे. उशीर आपण केला. दहा वाजून चार मिनिटांचा फोटो आपल्याच ग्रुपवर आहे."

"फोटो कशाला काढता मध्ये?" अध्यक्ष म्हणाले. "त्यानं उठवायला पाहिजे होतं. गाइड कशासाठी असतो?"

"तो दोनदा आला होता. तुम्ही त्याला पोहे दिलेत."

"बघा, पोहे देऊन वर हे!" कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

मुलगी कोपऱ्यात मोबाइल बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. "मम्मा, उन्होंने अंकल को बचाया है यार. धक्का कहाँ दिया?"

"तू चूप बस," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही आता बोलून राहिल्या. तिथं नाल्यावर तर काही नाही बोलल्या."

हे खरं होतं. घटना घडत असताना बाजूला उभं राहून पाहायचं, हे मला धंद्याने शिकवलं आहे. नाल्यावर मी वेळ लिहून घेतली. अध्यक्षांना थांबा म्हणाले नाही.

मी सही करणार नाही असं सांगितलं आणि माझा विरोध इतिवृत्तात लिहा म्हटलं. सचिवांनी पेनाचं टोपण लावलं.

"विरोध नोंदवायची आपल्याकडे पद्धत नाही हो. चाळीस वर्षांच्या वह्या आहेत, एकीतही नाही. लोक काय म्हणतील? परक्या गावात चार घरं आपली."

"मग काय लिहिणार?"

"सर्वानुमते."

"मी इथे बसलेय."

"तुमची सही नाही ना? झालं तर मग. वाद कशाला?"

अकरा सह्या झाल्या. त्यांतल्या किमान सहा जणांना तिन्ही वाक्यं काय लायकीची आहेत हे ठाऊक होतं. गणपतीसाठी हॉल अध्यक्षांच्या शब्दावर मिळतो, हेही ठाऊक होतं. हे सगळे शिकलेले लोक आहेत. रुग्णाच्या कागदावर चुकीचा शब्द पडला तर काय होतं ते डॉक्टरबाईंना माझ्याहून जास्त कळतं.

चार दिवसांनी मी कंपनीत फोन केला तेव्हा कळलं की त्या गाइडला यादीतून काढलं आहे. उद्यानात वरच्या झोपड्यांपर्यंत लोकांना न्यायला परवाना लागतो आणि परवाना कंपनीच्या यादीवर मिळतो. यादीत नाव नाही म्हणजे त्या वाटेवर काम नाही. मी झिरकपूरला राहते. दुसऱ्या दिवशी ड्यूटीच्या आधी बसने सेक्टर सतराला गेले. बरोबर दीड पानाचं निवेदन नेलं होतं. कोण, कुठे, किती वाजता, कोणासमोर. विशेषण एकही नव्हतं.

मॅनेजर तिशीचा, नम्र. त्याने निवेदन न वाचता फाइलवर ठेवलं.

"मॅडम जी, बारा में से ग्यारह साइन हैं. सीनियर आदमी पे हाथ उठाने की बात है. मैं क्या करूँ?"

"हाथ उठाया नहीं, पकड़ा. आपने गाइड से पूछा?"

"पूछना क्या है जी? ग्यारह पढ़े-लिखे लोग झूठ थोड़ी लिखेंगे."

मग त्याची नजर माझ्या पर्समधून डोकावणाऱ्या ऑफिसच्या ओळखपत्रावर गेली. "आप प्रेस से हैं?" त्याने विचारलं. चहा आला. पंखा माझ्याकडे वळवला गेला. निवेदन उचललं गेलं आणि पहिल्यांदा वाचलं गेलं. खरं काय घडलं याने जे पाच मिनिटांत झालं नव्हतं ते प्लास्टिकच्या एका कार्डाने झालं. मला त्या खोलीत सगळ्यात जास्त राग त्या चहाचा आला.

"छापेंगी तो नहीं ना?"

"मैं छापने नहीं आई. उसे फोन लगाइए. मेरे सामने."

त्याने स्पीकरवर फोन लावला. गाइड शेतावर होता, मागे कुत्रं भुंकत होतं. मॅनेजरने सांगितलं, एक माफीनामा लिहून दे, पाहुण्यांना हात लावायला नको होता एवढंच, मग बघू.

त्याने कुत्र्याला हाकललं.

"लिख देता हूँ जी. पर कल को कोई फिर उतरा तो? पकड़ूँ कि न पकड़ूँ, ये भी लिखवा लो."

"फालतू बात नहीं," मॅनेजर म्हणाला. "यहाँ ग्रुप वाली मॅडम बैठी हैं. तेरी तरफ से आई हैं."

"कौन सी मॅडम? जो कॉपी में लिखती थीं?"

"हो," मी म्हटलं, मग हिंदीत, "हाँ, वही."

"मॅडम जी, आपने पानी देखा था ना?"

"देखा था."

"तो उस दिन सर को आप ही बोल देतीं. आपकी तो सुन लेते."

मी म्हटलं, बोलायला हवं होतं. तो "हाँ जी" म्हणाला, आवाज न चढवता. माफीनामा त्याने लिहिला नाही. मॅनेजरने माझ्यासमोर तडजोड काढली: वरच्या झोपड्यांचं काम नाही, फाटकापासून धबधब्यापर्यंत शाळांच्या सहली न्यायच्या, "बात ठंडी होने तक". अठरा वर्षं ज्या वाटेवर त्याने माणसं नेली आणि परत आणली ती वाट त्याच्यासाठी बंद. मी निवेदनाच्या प्रतीवर पोच घेतली. एक प्रत उद्यानाच्या कार्यालयाला पाठवली, एक अध्यक्षांना. अध्यक्षांचा फोन आला.

"मंडळात राहायचं हाय का न्हाई तुम्हांला?"

"राहायचं आहे. तक्रार मागे घ्या."

"ठराव झालाय तो. सर्वानुमते. माझ्या एकट्याच्या हातात काय हाय?"

आता सप्टेंबर संपतो आहे. डोंगरातला पाऊस थांबला आहे आणि वरच्या झोपड्यांचा दुसरा हंगाम सुरू झाला आहे. उद्यानाच्या कार्यालयाकडून उत्तर आलेलं नाही. कंपनीच्या नव्या यादीत मी नाव शोधलं. ते नाही. तो शाळेच्या मुलांना घेऊन धबधब्यापर्यंत जातो आणि परत येतो. तिन्ही वाक्यं फाइलला आहेत तशीच आहेत. त्यांखाली माझी सही नाही. त्याचा त्याला काडीचा उपयोग झालेला नाही.