रोहिणखेडचे मुन्शीजी आणि बाजारातले इराणी

आधी हे सांगू द्या, मग जेवायला बसतो. मेसची घंटा झाली तर झाली!

आज इंटरच्या फारसीच्या वर्गात सरांनी मला उभं केलं आणि विचारलं, "देशमुख, मागच्या वर्षी तुम्ही काठावर होता. ही फारसी पक्की कुणी केली?" मी पटकन बोलून गेलो, "एका बकरीनं, सर." सगळा वर्ग हसला. सरही हसले. पण मी खोटं बोललो नव्हतो हो! रोहिणखेडच्या मुन्शीजींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते बकरीशी फारसीत बोलत होते. आणि साधंसुधं नाही. एखाद्या नवाबाला अर्ज करावा तसं, वाकून, हात छातीवर ठेवून.

आतून मुन्शीजींच्या बायकोचा, चाचींचा, आवाज आला, "बकरी समझ गई हो तो अब मेरे से भी बोलो. लकडी लानी है."

आता माझं ऐका. मी मोताळ्याचा. अमरावतीला कॉलेजात आल्यावर दुसरी भाषा म्हणून फारसी घेतली, कारण वरच्या वर्गातली पोरं म्हणायची की फारसीत मार्क पडतात. ते मार्क धरले तरच इंटर पार होणार. माझे काही पडले नाहीत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी मला सायकलवर रोहिणखेडला पिटाळलं. मुन्शीजी हायस्कुलात फारसी शिकवून घरी बसलेले. पांढरी दाढी, किडकिडीत अंग, डोळे मात्र पोरासारखे.

"फारसी काऊन घेतली बे?"

"मार्क पडतात म्हणून."

"खरं बोलला! बस. नाही तं पोट्टे येतात अन् म्हन्तात, मले लय प्रेम हाय." मग माझं गाईड त्यांनी उचललं आणि कोनाड्यात टाकलं. "हे राहू दे तिथं. आधी माह्याशी भांड. भांडल्याबिगर कोनतीच भाषा येत नाही."

आणि खरंच, आम्ही रोज फारसीत भांडायचो! ते म्हणायचे, तू माझी कोंबडी चोरली. मी म्हणायचो, नाही चोरली. ते साक्षीदार मागायचे. शब्द अडला की आधी हातवारे करायचे, अर्थ शेवटी. "भाषा म्हंजे म्हैस हाय," ते म्हणत. "रोज हात फिरवला नाही तं पान्हाच सोडत नाही." आठवड्याभरात मला स्वप्नात कोंबडी दिसायला लागली.

एकदा मी सहज विचारलं, "मुन्शीजी, इराणी लोक अस्संच बोलतात का?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आमच्या घरात चार पिढ्या फारसी हाय. आज्यानं बापाले शिकवली, बापानं मले. पन इराणी मानूस आमच्यातल्या एकानंबी पाह्यला नाही. मी जे जलमभर शिकवलं, ते कोनाले समजते का, हे कोनाले इचारू? एकदा, फक्त एकदा, माहं बोलनं त्या लोकाइच्या कानावर पडलं पाह्यजे. समजलं तं समजलं. नाही तं मी जलमभर हवेलेच शिकवलं."

मला तेव्हापासून राहवेना. आणि बघा, पुढच्याच मोताळ्याच्या बाजारात काय दिसावं? तंबू! घोडे! चाकू-कात्र्या मांडून बसलेले, घोळदार पायजमे घातलेले इराणी! मी सायकल अशी हाणली की रोहिणखेड येईपर्यंत दोनदा चेन पडली.

बातमी ऐकताच मुन्शीजी उठले. शेरवानी चढवली, टोपी झटकली आणि माझ्या मागे कॅरियरवर बसले. वाटभर माझ्या पाठीमागं पुटपुटणं. वाक्य जुळवत होते.

बाजारात एक म्हातारा इराणी चाकूला धार लावत होता. मुन्शीजी समोर उभे राहिले आणि सुरू झाले. जुन्या दरबारी अर्जात असतं तसं लांबलचक, नटवलेलं, वळणावळणाचं. माझ्या अंगावर काटा आला. म्हाताऱ्यानं चाकू खाली ठेवला. मान खाली घातली. दोन्ही हात पुढं पसरले. मुन्शीजी थांबले तसा तो म्हणाला, "आमीन."

त्याला वाटलं, मुन्शीजी दुवा मागतायत!

अख्खा बाजार हसला. मिरचीवाला सोनाजी ओरडला, "मुन्शीजी, इतकी वर्सं बकरीलेच समजत होतं वाट्टे!" म्हातारा गोंधळून म्हणाला, "चाकू देखो ना, मियाँ. मैं तो इधरीच पैदा हुआ. ईरान मेरे दादा ने देखा." मुन्शीजींचा चेहरा मला बघवेना. मी त्यांची बाही ओढली, "चला, मुन्शीजी."

तेवढ्यात तंबूचा पडदा सरकला. एक खूप म्हातारी बाई बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून. म्हणाली, "कौन बोला? फिर बोलो."

मुन्शीजींनी पुन्हा म्हटलं. या वेळी हळू, एकेक शब्द सुटा करून. बाईचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. ऐकून झाल्यावर ती हसली, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. "ये तो मेरे दादा की बोली है. उनके बाद किसी के मुँह से नहीं सुनी." मग ती भराभर काहीतरी फारसीत बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. मुन्शीजींना, त्यांनीच मागाहून सांगितलं, निम्मं कळलं.

ते माझ्याकडं वळले. "नारायन, माही फारसी खरी हाय रे! फक्त म्हातारी झाली. माह्यासारखी." आणि शेरवानीसकट तिथं धुळीत मांडी घालून बसले. बाईला म्हणाले, "अब आप बोलो, माई. मैं सुनता हूँ."

सोनाजीसुद्धा मिरच्या सोडून पाहायला आला. मुन्शीजी घोड्याकडं बोट दाखवायचे, लगामाकडं, विस्तवाकडं, ती सांगायची, आणि ते पहिलीतल्या पोरासारखे मान हलवत पुन्हा म्हणायचे. चुकले की बाई त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायची! तंबूतली पोरं खिदळायची. मुन्शीजीही खिदळायचे.

पुढच्या धड्याला मी रोहिणखेडला गेलो तर ओसरी रिकामी. चाची तांदूळ निवडत होत्या.

"मुन्शीजी कुठं गेले?"

"तेरे उस्ताद? अमडापूर गए, इराणियों का डेरा उधर गया ना." चाचींनी सूप आपटलं, पण हसू काही लपेना. "बोले, अभी तो पहिली जमात में हूँ, छुट्टी कैसे करूँ?"

ते परतायच्या आत माझी सुट्टी संपली. कोनाड्यातलं गाईड मी तसंच राहू दिलं आणि अमरावतीला आलो. तेव्हापासून मी मार्कांसाठी एक ओळही वाचलेली नाही, तरी फारसी सोडवत नाही.

तुमचं झालंय का असं कधी? ज्यांच्याकडं शिकायला गेलात, तेच तुमच्या डोळ्यांदेखत विद्यार्थी होऊन निघून गेले, आणि तेव्हा कुठं तुम्हाला शिकावंसं वाटायला लागलं?