आत्यांच्या लिलीतली चिलटं

चिलट चहात पडलं तर बोटानं काढून टाकता येतं. नाकात गेलं तर काय करायचं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या गेवराईच्या घरात ती इतकी झाली होती, की बोलतानाही मी तोंडावर पदर धरायची.

घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, दिंद्रुडला अंगणात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर आमच्याकडे आल्या. येताना लिलीच्या दोन कुंड्या घेऊन आल्या. "ह्या आल्या तर मी येती," असं त्यांनी लेकाला बजावलं होतं. कुंड्या खिडकीच्या कट्ट्यावर, त्यांच्या उशाशी बसल्या. आत्यांना उठायला मनाई, मला त्यांना सोडून बाहेर जायला मनाई. खिडकीला डासांसाठी जाळी ठोकलेली, त्यामुळे चिलटांनाही जायला वाट नव्हती. सगळ्यांचीच कोंडी.

डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, भरपूर पाणी पाजा. लघवीला जंतुसंसर्ग होऊन आत्या एकदा तापानं फणफणल्या होत्या, बीडला न्यावं लागलं होतं. परत तसं झालं तर या वयात निभावणं कठीण, असं ते म्हणाले. म्हणून मी थोड्या थोड्या वेळानं पेला भरून त्यांच्याजवळ ठेवायची आणि तो रिकामा दिसला की स्वतःचीच पाठ थोपटायची. खरं सांगते, त्यांची हाक आली की माझ्या कपाळाला आठी पडायची. लघवीचं भांडं द्या, पुसा, कूस बदला, तोवर गॅसवर दूध उतू गेलेलं. हल्ली हाका कमी झाल्या होत्या, आणि मला ते बरंच वाटत होतं.

तर चिलटं. नवऱ्यानं कृषी केंद्रातून पिवळे चिकट सापळे आणले, कापसात लावतात ते. दुकानदारानं विचारलं, किती एकर? हे म्हणाले, दोन कुंड्या. तो पोट धरून हसला, पण वर सांगितलं, माती ओली राहते म्हणून चिलटं होतात, पाणी तोडा. सापळ्याला पहिल्याच दिवशी आत्यांचे केस चिकटले. खोबरेल तेल लावून ते सोडवता सोडवता मी रडकुंडीला आले आणि त्या आपल्या हसत होत्या. "मला धरायला आणलं व्हय गं हे?"

मी कुंड्यांचं पाणी बंद केलं. आठवडा गेला, चिलटं वाढलीच. मातीत बोट खुपसलं तर चिखल. "तुमीच घालता चोरून," म्हणून मी नवऱ्यावर खेकसले. ते शपथा घ्यायला लागले.

मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात फरशीवर, दारातून खाट दिसेल अशी आडवी झाले होते. आत्यांना वाटलं, हिचा डोळा लागला. त्यांनी पेला उचलला, हात मागं नेला, आणि धार कुंडीच्या कडेला लावून, आवाज न होऊ देता सगळं पाणी लिलीला पाजलं. चिलटं भसकन वर उठली. रिकामा पेला जागेवर ठेवून त्यांनी तोंडावर पदर ओढून घेतला.

मी ताडकन उठले. "आत्या! कावून असं करता? मरायचंय का?"

त्यांनी पदर आणखी खाली ओढला. मग पदराआडून म्हणाल्या, "पाणी प्यालं की भांडं लागतंय. एवढीशी खोली. लेक समोर बसलेला असतोय. त्याच्यासमोर कसं मागू गं? लई लाज वाटती. त्यापरीस तहान बरी."

माझ्या आठीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं, मला भांडता तरी आलं असतं. राग तर आला होता, पण तो काढायचा कुणावर ते कळत नव्हतं. औषधं, पथ्य, ड्रेसिंग, सगळं आम्ही नीट सांभाळलं होतं. म्हाताऱ्या बाईलाही आडोसा लागतो, हे तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

कपाटातली एक जुनी साडी काढली. दारापासून खिडकीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली आणि खाटेला पडदा केला. खोली आणखीच लहान झाली, पंख्याचा वाराही अडला. कुंड्या बाहेर न्यायला उचलल्या, तर आत्या म्हणाल्या, "राहू दे तिथंच. आता कोण पाजतंय त्यांना?"

पेला भरून दिला. त्यांनी घटाघटा संपवला, हनुवटीवरनं ओघळ गळ्यात गेला. दुसराही प्यायल्या. संध्याकाळी नवरा कामावरून आला, चहा घेऊन बसला. आतून आवाज नाही. ज्या हाकेला इतके दिवस वैतागले, ती यावी म्हणून मी चहा गार करत बसले होते.

आली. चांगली खणखणीत आली. "अगं, भांडं आण!"

नवरा दचकला. कप खाली ठेवून घाईघाईनं चपला शोधायला लागला.

"कुठं निघालास?" आत्या पडद्याआडून म्हणाल्या. "बस तिथंच, पी चहा. पडदा हाय की."