कोंबड्यांसाठी शिजवलेला चुरा

सोयाबीन आमच्याच वावरातलं, पण तेल काढून त्याची ढेप होऊन बाजारातून परत आली की आम्हालाच परवडेना. अंड्यांच्या कोंबड्या आहेत आमच्या. ढेपेशिवाय त्यांचं भागत नाही. मग माझ्या मिस्टरांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं, की चिकनच्या दुकानात फेकून देतात ती आतडी, डोकी, पाय शिजवून, वाळवून दळले तर थोड्या ढेपेच्या जागी चालतात. लगेच ते रिसोडहून मोटरसायकलवर डबे भरून आणू लागले. शिजवायचं काम माझ्याकडे आलं.

ड्रममध्ये लाकडाने ढवळताना मधूनच एखादा पाय वर यायचा आणि माझा हात थांबायचा. वाफेच्या वासाने शेडमधल्या कोंबड्या जाळीशी गर्दी करायच्या. ते मला बघवत नसे.

"कोंबडीले कोंबडीच चारायची?" मी एकदा विचारलं.

"नाहीतर नाल्यातच जाते ते," ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

जनावरांच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना मी फोन लावला. त्यांनी नाही म्हटलं नाही. खूप वेळ उकळा, कडकडीत वाळवा, खाद्यात बेतानेच मिसळा. अर्धवट ओलं राहिलं तर मात्र रोग शिरेल, म्हणाले. बाकीचं सगळं मी विसरले, ते 'अर्धवट ओलं' तेवढं डोक्यात बसलं.

दसऱ्यानंतर आभाळ आलं ते हटेना. चुरा ताडपत्रीवर पसरलेला. मी भाकरी टाकता टाकता उठायची, चिमटीत घेऊन बघायची, परत चुलीपाशी यायची. मिस्टर म्हणत होते, वाळला आता, संध्याकाळी मिसळू. ते मंगरूळपीरला गेले आणि दुपारी मला आंबूस वास आला. घरात बसवेना. शेवटी फावडं घेतलं, वावराच्या धुऱ्यापलीकडे खड्डा केला, सगळा चुरा त्यात लोटला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले.

ते आले, रिकामी ताडपत्री पाहिली.

"काहून फेकलं?"

"वास येऊन राह्यला होता. मले भेव वाटलं."

"मले इचारलं असतं तं?"

"तुमी मिसळा म्हटलं असतं."

त्यांनी ताडपत्रीची घडी घातली. सकाळी डबे घेऊन गेले, येताना गावातून लग्नातली मोठी कढई मागून आणली. शिजवलेला माल त्यांनी स्वतः मंद जाळावर परतला. धुराने डोळे लाल झालेले. मग मला हाक मारली.

"पाह्य बरं, कोरडा झाला काय?"

मी चिमूट घेतली. अजून थोडा, म्हटलं. त्यांनी अजून थोडा परतला.

आता तसंच चाललंय. कोंबड्या खातात, अंडी देतात. त्यातलं पहिलं अंडं माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागला, आता खाते. पण परवाच एक कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली दिसली. तिला वेगळी टोपल्याखाली ठेवली, दिवसभर हातातली कामं टाकून जाऊन बघत राहिले. संध्याकाळी ती दाणे टिपायला लागली. मिस्टर म्हणाले, असा जीव टांगणीला लावून बसलीस तर आपला धंदा व्हायचा कसा? मी टोपलं उचललं आणि तिला बाकीच्यांत सोडलं.