पलीकडे जाते ती तार

मोरोक्कोतल्या ऊजदा शहराच्या पूर्वेला, सरहद्दीलगतच्या माळावर विजेचे मनोरे उभे राहत होते, तेव्हा बूझियान ऐन पंचविशीत होता. मोरोक्को आणि अल्जीरिया या दोन शेजाऱ्यांचं नुकतंच जमलं होतं आणि दोघांची वीज एका तारेनं जोडायचं ठरलं होतं. अलीकडून बूझियानची टोळी तार ओढत गेली, पलीकडून लखदरची. दोघांची गाठ पडली ती मनोऱ्यावर, कमरेला पट्टा बांधून लोंबकळतानाच.

"तुमच्याकडं एखादी पोरगी आहे का रे माझ्यासाठी?" लखदरनं विचारलं.

"तुझ्यासारख्या माकडाला कोण देणार?" बूझियान म्हणाला. पण पुढच्या शुक्रवारी त्यानंच त्याला घरी कुसकूस खायला नेलं, आणि वाढायला आली ती त्याची धाकटी बहीण यमना.

लग्न करून यमना मरसाला गेली, किस नदीच्या पलीकडच्या काठावर. माहेर तासाभरावर. मनात आलं की ती यायची, भांड्यांचा आवाज करत घरभर फिरायची आणि वहिनीच्या, मिमूनाच्या, स्वयंपाकाला नावं ठेवून परत जायची.

मग सरकारांचं बिनसलं आणि सरहद्द बंद झाली. पहिली काही वर्षं लोक गाढवाच्या वाटेनं चोरून जात-येत राहिले. पुढं खंदक खणला गेला, कुंपण आलं. तार मात्र कुणी तोडली नाही. बूझियान पगार घेऊन तिची देखभाल करत राहिला. वीज इकडून तिकडं जाई, तिकडून इकडं येई.

आई वारली तेव्हा यमना येऊ शकली नाही. बीन लजराफ या ठिकाणी किस नदीचं पात्र अगदी चिंचोळं आहे, दोन्ही काठांवरून रस्ता जातो. तिथं उभं राहून ती ओरडली, "दादा, आईला कुठं ठेवलं?"

"बाबांच्या शेजारी!" बूझियान ओरडला. एवढंच बोलणं झालं. बाकीचं वाऱ्यानं नेलं.

तो निवृत्त झाला आणि काही वर्षांनी त्याला मोठं बोलावणं आलं. वाळवंटातलं ऊन आणि वारा यांची वीज सगळ्या शेजारी देशांनी वाटून घ्यायची, धूर आणि तेल मागं टाकायचं, म्हणून ऊजदाच्या हॉटेलात परिषद भरली होती. पहिली तार ओढणारा म्हणून त्याचा सत्कार होता. मिमूनानं त्याच्या जेलाबाला, सणासुदीच्या लांब झग्याला, इस्त्री केली. तो गेला, पण सत्कारासाठी नाही. यमनाची मूत्रपिंडं निकामी झाली होती. एकदा पलीकडे जाऊ द्या, एवढंच त्याला सांगायचं होतं.

शेजारच्या खुर्चीवर नसीरा नावाची इंजिनिअर बाई होती, सरहद्दीपलीकडच्या तिलिमसानची.

"तिलिमसान? इथंच तर आहे!" बूझियान म्हणाला.

"इथंच कसलं काका! काल पहाटे निघालेय. विमानानं फ्रान्सात मार्सेय, तिथून कासाब्लांका, मग इथं." ती हसली. त्याला हसू आलं नाही.

सत्कार झाल्यावर त्यानं परिषदेच्या मुख्य साहेबांना गाठलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "बूझियानकाका, मला कळतंय हो. पण आमच्याकडं फक्त वीज आहे. माणसांचं खातं वेगळं." आणि तो हात तसाच ठेवून त्यांनी फोटोवाल्याला खूण केली.

"फोटोत मी हसलो गं," घरी आल्यावर तो मिमूनाला म्हणाला. "हसा म्हणाले, तर हसलो."

मिमूनानं केलेल्या गोड कडबोळ्यांचं पुडकं मात्र नसीरानं आनंदानं नेलं. ते मार्सेयमार्गे मरसाला पोचलं. यमनाचा फोन आला. "दादा, आईच्या हातची चव आहे रे. वहिनीला सांग, साखर कमी पडलीय!"

हिवाळ्यात भाच्याचा, जेलूलचा फोन आला. "मामा, आई गेली. गाडी नदीकाठच्या रस्त्यानं आणतो. तुम्ही या."

बूझियान बीन लजराफला उभा राहिला. पलीकडे गाडी थांबली. म्हातारा लखदर उतरला, त्यानं मागचं दार उघडलं. "बूझियान, आणली रे तिला! बघ!"

किब्ल्याची, मक्केची दिशा नदीपलीकडचीच होती. बूझियाननं हात वर केले आणि जनाज्याची नमाज सुरू केली. तेवढ्यात तिकडच्या शिपायानं शिट्टी वाजवली. दार बंद झालं, गाडी हलली. राहिलेली नमाज त्यानं रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून पुरी केली.

"काका, झालं ना? इथं थांबू देत नाहीत," इकडचा शिपाई हळूच म्हणाला.

आठवड्यानं परिषदेचे ते साहेब रिवाजाप्रमाणं साखरेची ढेप घेऊन समाचाराला आले. निघताना म्हणाले, "नव्या तारेचं काम वसंतात सुरू होतंय. उद्घाटनाची कळ तुम्हीच दाबायची, काका."

ते गेल्यावर मिमूनानं विचारलं, "जाणार का हो तुम्ही?"

"जाईन," बूझियान म्हणाला. "तारेनं काय वाकडं केलंय माझं?"

मग ढेप फोडून त्यानं चहा ठेवला, आणि उकळून उतू गेला तरी तो तिथंच उभा होता.